कळंब्याचा रस्ता कुणाचा?

कोल्हापूरच्या संभाजीनगरातून दक्षिणेला निघालेला रस्ता कळंब्यातून जातो आणि कात्यायनी, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा करत गारगोटीला पोचतो. शहराच्या या टोकाला आयटीआय आहे, मध्यवर्ती कारागृह आहे आणि जवळच संस्थानकाळात बांधलेला कळंबा तलाव आहे. एकेकाळी कोल्हापूरची तहान भागवणारा हा तलाव गावाच्या उशाशी, मालकी मात्र महापालिकेची. हा तपशील लक्षात ठेवायचा. कळंब्यात बरेच काही असे आहे, की ते असते एकाच्या दारात आणि कागद असतो दुसऱ्याच्या नावावर.

रस्त्याचेही तेच. शहराच्या हद्दीतला तुकडा महापालिकेचा. हद्द संपली की तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा. कडेच्या घरांचा फाळा गोळा करते ग्रामपंचायत. त्या घरांच्या बांधकाम परवान्याचा कारभार २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे. सकाळी साडेनऊला दुचाक्या, शाळेच्या रिक्षा, के.एम.टी.ची बस आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकमेकांत अडकल्या, की शिट्टी मारायला वाहतूक पोलिस. रस्ता रुंद करा, अशी मागणी करायची असेल तर अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर ठेवायचा, इथपासून सुरुवात होते.

रस्ता रुंदीकरणाचा वाद आपल्याकडे नेहमी फुटांत आणि मीटरांत चालतो. चाळीस फूट पुरे की साठ हवेत? माझे मत असे, की हे आकडे नंतरचे. आधीचे प्रश्न दोनच: पैसे कोण देणार आणि ठरवताना कुणाला विचारणार? कळंब्याच्या टोलनाक्यावर हे दोन्ही प्रश्न इतक्या उघडपणे समोर आले, की तसे ते महाराष्ट्रात क्वचितच कुठे आले असतील.

त्याआधी रस्ता अरुंद होतो कसा, ते पाहू. जमीन मोकळी असते तेव्हा रुंद रस्ता जवळजवळ फुकट मिळतो. कोल्हापूर संस्थानाला हे ठाऊक होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. १९१७ च्या सुमारास जयसिंगपूर वसले ते काटकोनात छेदणारे रस्ते आखूनच. तिथे आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. पुढे राजारामपुरीही अशीच नंबरवार गल्ल्यांची झाली. याच सुमारास मुंबई इलाख्यात १९१५ चा नगररचना कायदा आला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याची युक्ती साधी आणि न्याय्य होती: परिसरातल्या सगळ्या शेतजमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते, मैदाने, शाळेची जागा आखायची, मग प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा थोडा लहान पण नीट आकाराचा, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. रस्त्याची जमीन सगळ्यांच्या खिशातून थोडी थोडी जाते, एकट्याचे घर पडत नाही. गुजरातने ही युक्ती पुढे चालवली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ती आहे, पण आपण ती फारशी वापरली नाही.

कळंबा, पाचगाव, मोरेवाडी या पट्ट्यात झाले उलटे. शहराची जमीन महागली तशी शेते गुंठ्यांनी विकली गेली. ज्याने प्लॉट पाडले त्याने आपल्या शेतापुरता वीस-तीस फुटी रस्ता सोडला; शेजारच्याने त्याच्या शेतापुरता सोडला; दोन्ही एका रेषेत येतील याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. कॉलन्या आधी झाल्या, आराखडा नंतर पोचला. घर स्वस्त पडले म्हणून माणूस कळंब्यात राहायला गेला, पण नोकरी, क्लास, दवाखाना, कापडखरेदी शहरातच राहिली. बसची वाट किती वेळ बघायची? मग घरात एक दुचाकी, मुलगी कॉलेजला गेली की दुसरी आणि कर्ज मिळाले की चारचाकी. या सगळ्या गाड्या दिवसा जातात कुठे? शहराच्या पोटात: बिंदू चौक, महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, पापाची तिकटी. कळंब्यातल्या स्वस्त घराची उरलेली किंमत गंगावेशीतला दुकानदार आपल्या दारासमोरच्या गर्दीत मोजतो.

आता पेठेत शिरू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गुजरी, जोतिबा रोड या भागाची घडण गाड्यांच्या आधीची. तिथे रस्ता रुंद करायचा तर कायदा हाताशी आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवू शकतात. ती रेषा कुणाच्या ओसरीतून, कुणाच्या दुकानाच्या काउंटरमधून जाते. इमारत पाडून नवी बांधताना मालकाने रेषेच्या मागे सरकायचे. दुसरा मार्ग विकास आराखड्यातला: रस्ता आरक्षित दाखवायचा आणि जमीन संपादित करायची. पण दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. रोख मोबदल्याला पालिकेकडे पैसे नसतात, म्हणून टीडीआर, म्हणजे इथली जमीन दिल्याबद्दल दुसरीकडे जास्त बांधण्याचा हक्क. मोठ्या मालकाला हा सौदा परवडतो. दहा बाय बाराच्या दुकानात तीन पिढ्या काढलेल्या कुळाला टीडीआर घेऊन करायचे काय?

परिणाम ओळखीचा आहे. एक इमारत रेषेमागे सरकते, शेजारची पन्नास वर्षे जागची हलत नाही. रस्ता कुठे रुंद, कुठे अरुंद, दात पडलेल्या तोंडासारखा होतो. आणि जिथे सरकलेल्या इमारतीपुढे चार फूट जागा मोकळी झाली, तिथे दुसऱ्याच दिवशी दोन दुचाक्या आणि एक वडापावची गाडी उभी राहते. वाहतुकीला त्या चार फुटांतला एक इंचही मिळत नाही.

शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश माणसाने हे सगळे बघून ठेवले होते. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले, शहराशहरांतून पायी हिंडले, अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याचा धडाका लावला होता. गेडिस त्या पद्धतीच्या विरोधात. भोसल्यांच्या तंजावरात त्यांनी दाखवले, की सरळ रेषेचा हट्ट सोडला, पडकी घरे तेवढी काढली, कोपरे मोकळे केले, आड आणि झाडे राखली, तर त्याच वस्तीत हवा-उजेड खेळवता येतो, आणि तोही सरकारी योजनेच्या खर्चाच्या काही अंशात. त्यांचे अहवाल इंजिनिअर मंडळींना आवडले नाहीत. सरळ रेषेला टेंडर काढता येते; कोपरा मोकळा करायला घराघरात जाऊन बोलावे लागते.

रुंदीकरणाची मागणी फक्त कोंडीतून येत नाही, हेही सांगायला हवे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारत किती उंच चढणार, हे बरेचसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दाट मध्यवस्ती सोडली, तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० चटई निर्देशांकावर, म्हणजे भूखंडाच्या १.१० पट बांधकामावर, थांबावे लागते. रस्ता नऊ मीटर किंवा जास्त असला, की पैसे भरून आणि टीडीआर लावून वर चढता येते, आणि रुंदी वाढेल तशी ही मुभाही वाढते. नियमामागचा विचार बरोबर आहे, जास्त माणसांना जास्त रस्ता लागणारच. पण त्यामुळे कागदावर रस्ता रुंद झाला, की कडेला मजले चढतात, मजल्यांबरोबर गाड्या येतात आणि रुंद झालेला रस्ता पुन्हा भरतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये केटी फ्रीवे नावाचा महामार्ग २००८ पर्यंत रुंद करत नेला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी सव्वीस मार्गिका, खर्च २८० कोटी डॉलर. २०११ ते २०१४ या तीन वर्षांतच सकाळच्या गर्दीतला प्रवासवेळ तीस टक्क्यांनी आणि संध्याकाळचा पंचावन्न टक्क्यांनी वाढला. सव्वीस मार्गिकांची जी गत, ती आपल्या चार पदरी रस्त्याची होणार नाही, असे समजण्याला आधार काय?

तर कळंब्याचा नाका. २००८ मध्ये कोल्हापूर महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा करार झाला. नाव एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प, खर्च २२० कोटी. पद्धत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’. कंपनीने पैसे घालायचे आणि तीस वर्षे टोल गोळा करायचा. शिवाय टेंबलाईवाडीतली मोठी जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. शहराच्या तोंडांवर नऊ नाके उभे राहिले: शिरोली, फुलेवाडी, शाहू नाका, उचगाव वगैरे, आणि त्यांतला एक कळंब्याचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली.

शहराच्या आतल्या रस्त्यांवर टोल, हे कोल्हापूरला नवे होते. शिवाजी पेठेतून राजारामपुरीला जाणाऱ्याला वाटेत नाका नव्हता. कळंब्यातून राजारामपुरीला जाणाऱ्याच्या गाडीला होता. रस्ते तेच, पैसे मात्र वेशीबाहेरच्याने द्यायचे. आणि करार झाला तेव्हा ज्या सभागृहाने तो मान्य केला, त्यात कळंब्याचा एकही प्रतिनिधी नव्हता, कारण कळंबा महापालिकेत नाहीच. तरीही विरोधात रस्त्यावर उतरले ते आतले आणि बाहेरचे दोघेही. शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील वयाच्या ऐंशीनंतरही मोर्च्यांच्या अग्रभागी होते. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे होते. तालमी, व्यापारी, रिक्षावाले, सगळे पक्ष. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची तोडफोड आणि जाळपोळ झाली. उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, वसुली पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांची हत्या झाली. आंदोलन थांबले नाही. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केला आणि कंपनीला साडेचारशे कोटींहून अधिक रक्कम द्यायचे ठरवले.

कोल्हापूरकर याला विजय म्हणतात, आणि लोकांच्या ताकदीच्या दृष्टीने तो होताच. पण हिशोब मांडला तर रस्त्याचे पैसे शेवटी राज्याच्या तिजोरीतून गेले. म्हणजे गडचिरोलीत काडेपेटी घेणाऱ्यानेही, ज्याने मिरजकर तिकटी कधी पाहिलेली नाही, त्यात वाटा उचलला. ‘टोल देणार नाही’ याचे उत्तर मिळाले. ‘मग कोण देणार’ याचे उत्तर तेवढ्या जोमाने कुणी मागितले नाही.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क बसवले. स्टॉकहोमने २००६ मध्ये सहा-सात महिने प्रयोग म्हणून बसवले. वरवर पाहता हे नाके आपल्या नाक्यांसारखेच, शहराभोवती कडे करून उभे. पण उद्देश उलटा. तिथे गाडी आली नाही तर योजना यशस्वी. स्टॉकहोममध्ये वेशीवरची वाहतूक साधारण एक पंचमांश घटली. कोल्हापुरात गाडी आली नाही तर कंपनी तोट्यात. म्हणजे कराराची रचनाच अशी, की गाड्या वाढाव्यात अशी इच्छा कागदावर कायम झाली. कोंडी कमी करण्यासाठी बांधलेल्या रस्त्याचा धनी कोंडीवर जगणार होता.

स्टॉकहोमची पुढची गोष्ट तर थेट कळंब्याची वाटावी अशी आहे. प्रयोग संपल्यावर सप्टेंबर २००६ मध्ये शहरात सार्वमत झाले. नागरिकांनी काठावरच्या बहुमताने शुल्काला होकार दिला. आजूबाजूच्या अनेक पालिकांनी आपापले सार्वमत घेतले. तिथला कौल नकाराचा निघाला. सरकारने शहराचे मानले आणि २००७ पासून शुल्क कायम केले. शहरात राहणाऱ्याला हवा आणि शांतता मिळाली, बाहेरून येणाऱ्याला बिल. तो निर्णय बरोबर होता असे आज बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. तरीही ज्याने पैसे द्यायचे त्याचे मत मोजायचे नाही, हे खटकते ते खटकतेच.

कोल्हापूरने या पेचावर काढलेले उत्तर म्हणजे हद्दवाढ, जी पन्नास वर्षे होऊ घातली आहे. महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली, क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर, आणि तेव्हापासून एक इंचही वाढले नाही. प्रस्ताव येतो, यादीत गावे कमी-जास्त होतात, गावे बंद पाळतात, शहरातली कृती समिती उपोषणाला बसते, प्रस्ताव थंड होतो. गावांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, आणि बदल्यात काय? शहरातल्याच उपनगरांत पाणी आणि ड्रेनेज पुरत नसताना आम्हाला काय देणार? शहराचे म्हणणेही खरे: आमचे रस्ते, आमची मंडई, आमचे दवाखाने वापरायचे आणि फाळा मात्र गावात भरायचा. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमले गेले. त्याला नियोजनाचा अधिकार मिळाला, पण खर्चाला पैसे आणि लोकांनी निवडलेले सभागृह मिळाले नाही. गंमत अशी, की महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे तिथेही प्रशासकच होता. तेवढ्या काळापुरती कळंबा आणि शिवाजी पेठ यांच्यात पूर्ण समानता होती.

मध्यवस्तीचा प्रश्न दरम्यान थांबलेला नाही. अंबाबाई मंदिर परिसराच्या १,४४५ कोटींच्या आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यात आसपासच्या मिळकती घेणे आले, भाविकांसाठी मोकळी जागा आली, आणि पार्किंगचा प्रश्न तर सोडवल्याशिवाय गत्यंतर नाही. (अंबाबाईचा लाडूप्रसाद काही वर्षे कळंबा कारागृहातले बंदी बनवत. तोही याच रस्त्याने देवळात जायचा. रोज शहरात शिरणाऱ्या कळंब्याच्या मालात जागा अडवून न बसणारा एवढा एकच.)

पार्किंगचे गणित एकदा जमिनीवर मांडून बघावे. एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, साधारण १३५ चौरस फूट. पेठेत एवढ्या जागेत दुकान चालते, घर चालते. बारा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या, की पाच मीटर गेले. चालणाऱ्यांना दोन्हीकडे दीड-दीड मीटर सोडायचे म्हटले तर वाहतुकीला उरतात चार. त्याच रस्त्यावर एकाच कडेला पार्किंग ठेवले तर साडेसहा मीटर उरतात. एकही भिंत न पाडता अडीच मीटरचे रुंदीकरण झाले. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात आयुष्यभराच्या अभ्यासातून हेच मांडले, की फुकट पार्किंगची किंमत कुणीतरी भरतच असतो, फक्त तो गाडीवाला नसतो. पुण्याने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. ते धोरण कागदावरच राहिले, कारण रस्त्यावर गाडी लावायचे पैसे पडणार हे ऐकताच विरोध सुरू झाला. त्याच पुण्यात दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन होतो, आणि त्या दिवशी लोक खरेदी करायला येतात, चालतात, बसतात. व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल असे त्यांना वाटते. पण महाद्वार रोडवर नवरात्रात वाहने बंद असतात तेव्हा गल्ला कमी होतो का, हे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानदाराला खासगीत विचारावे.

बिंदू चौकात पार्किंग आहे, सरस्वती टॉकीजजवळ बहुमजली पार्किंग आहे. बाहेरगावच्या भाविकाला ते उपयोगी. कळंब्याहून रोज येणाऱ्याला मात्र पार्किंगपेक्षा दर दहा मिनिटांनी येणारी बस हवी, आणि तिथेच पुन्हा हद्द आडवी येते. के.एम.टी. महापालिकेची, तोटाही महापालिकेचा. हद्दीबाहेरच्या गावासाठी फेऱ्या वाढवायच्या तर त्यांचा भुर्दंड शहरातल्या फाळ्यावर. मग ती पोकळी वडाप, म्हणजे खासगी शेअर वाहन, भरून काढते, आणि ते माणसे मिळतील तिथे थांबते, म्हणजे रस्त्याच्या मधोमध. त्यामुळे बसच्या तोट्यात सार्वजनिक बांधकाम विभाग, ग्रामपंचायत आणि प्राधिकरण यांनी वाटा उचलावा, ही मागणी मला रुंदीकरणाच्या मागणीपेक्षा जास्त कामाची वाटते. दोनशे मीटर रस्ता रुंद करायला लागणाऱ्या भूसंपादनाच्या पैशात किती वर्षे किती फेऱ्या चालतील, हा हिशोब कुणीतरी जाहीर मांडायला हवा.

कायद्यात एक फट कळंबेकरांच्या बाजूची आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की त्यावर सूचना-हरकती मागवल्या जातात, आणि १९६६ च्या अधिनियमात ती हरकत ‘कोणतीही व्यक्ती’ देऊ शकते. ती शहराची मतदार असली पाहिजे, तिची तिथे मिळकत असली पाहिजे, अशी अट नाही. महाद्वार रोडच्या आराखड्यावर कळंब्यातला दुचाकीवाला लेखी हरकत देऊ शकतो, सुनावणीला जाऊन बोलू शकतो. बहुतेक हरकती येतात त्या ज्यांच्या भिंतीतून रेषा जाते त्यांच्या, ते स्वाभाविकच आहे. पण रस्ता कसा वाटला जावा, पदपथ किती, बसथांबा कुठे, पार्किंगला जागा किती, यावरची हरकतही तितकीच वैध. ती साध्या कागदावर मराठीत लिहून मुदतीत दिली आणि पोच घेतली की झाले.